अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि त्याचा श्वास: एनआयसीयूपासून घरच्या बाजेपर्यंत

आमची लेक तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १२८० ग्रॅम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत ४१ दिवस होती, त्यातले पहिले ११ दिवस सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर. मी डॉक्टर नाही, ऊस आहे आणि गावात खताचं छोटं दुकान आहे, पण त्या ४१ दिवसांत जे शिकलो आणि पुढं वर्षभर घरी जे केलं, जिथं चुकलो, ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय कारण आता पाहुण्यांतून, गावातून अधूनमधून फोन येतोच की दादा, आमच्या बहिणीला सातव्यातच झालंय, पेटीत ठेवलंय, काय करू. हे वाचून औषध ठरवू नका, ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण आईबापांनी काय बघायचं, काय विचारायचं आणि घरी काय अजिबात करायचं नाही हे तरी कळावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या दोन दिवसांत मी आत गेलो की नुसता मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत बसायचो. ९३, ९१, ८९, टुंग टुंग टुंग, माझाच जीव वरखाली. तिसऱ्या रात्री ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, टीव्ही बघायला आलाय का? बाळाचं पोट बघा." पुढचं सगळं त्या एका वाक्यातूनच शिकलोय, त्यामुळे इथंही फिरून फिरून तेच येणार.

बाळ अजून झालेलं नसेल तर

मुदतीच्या खूप आधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा बीपी वाढल्यामुळे डॉक्टर म्हणाले लवकर मोकळं करावं लागेल, तर पहिला प्रश्न हा विचारायचा: फुफ्फुसं तयार व्हायचं इंजेक्शन दिलं का? हे स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं, आईला देतात पण काम बाळाच्या फुफ्फुसावर करतं, साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या मधल्या बाळांसाठी. आपल्याकडे बहुतेक डेक्सामेथासोन वापरतात, ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. नाहीतर बीटामेथासोन, १२ मिलिग्रॅमचे दोन, २४ तासांच्या अंतराने. चारही डोस व्हायच्या आत बाळ आलं तरी झाले तेवढे अगदीच वाया जात नाहीत, म्हणून पहिला डोस लवकरात लवकर मिळणं महत्त्वाचं. माझ्या बायकोला पहिला डोस तालुक्याच्या दवाखान्यातच दिला आणि मग गाडीत घालून शहरात पाठवलं. मला तेव्हा राग आलेला की इथं इंजेक्शनं कसली टोचत बसलेत, गाडी काढा. नंतर कळलं की त्या दवाखान्यात आमच्यासाठी झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं.

याची गोष्ट भारी आहे. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की स्टेरॉइड मिळालेली कोकरं इतकी लवकर जन्मूनही श्वास घेतायत, जगूच नयेत अशा दिवसांची कोकरं. मग हॉवी यांच्याबरोबर त्यांनी बायकांवर अभ्यास केला आणि तो १९७२ मध्ये छापून आला. एका कोकराच्या फुफ्फुसापासून आपल्या लेकरांपर्यंत.

दुसरं म्हणजे बाळ लवकर येणार हे माहीत असेल तर जिथं नवजात बाळांचा आयसीयू आहे तिथंच बाळंतपण करा. बाळ बाहेर आल्यावर त्याला हलवण्यापेक्षा पोटात असताना हलवणं कधीही चांगलं. आईच्या पोटापेक्षा चांगली ॲम्ब्युलन्स नाही.

फुफ्फुसात कमी काय असतं

भाजीवाल्याकडची पातळ पिशवी ओली झाली की दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि कितीही चोळली तरी तोंड उघडत नाही, बघितलंय ना? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसातल्या बारीक बारीक फुग्यांचं तसं होतं. श्वास सोडला की फुगा मिटतो, चिकटतो, आणि पुढच्या श्वासाला परत पहिल्यापासून उघडायला लागतो. पूर्ण दिवसांच्या बाळात हे चिकटणं थांबवणारा एक साबणासारखा पदार्थ असतो, सर्फॅक्टंट. तो २४ व्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतो पण पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९५९ मध्ये दाखवलं की ही बाळं दगावतात ती हाच पदार्थ नसल्यामुळे. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक, साडेचौतीस आठवड्यांचा, वजन दोन किलोच्या वर, ३९ तासांत गेला. देशाच्या अध्यक्षाचं पोर, आणि उपाय कुणाकडेच नव्हता. जनावराच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळाला देऊन ते चालतं हे जपानच्या फुजिवारांनी दाखवलं ते १९८० मध्ये. आज जिल्ह्याच्या गावात मिळतं. दुधासारखं पांढरं असतं, बारीक नळीतून थेट श्वासनलिकेत सोडतात, डोस वजनावर ठरतो. महाग असतं, अचानक आणायला सांगितलं तर घाबरू नका आणि घासाघीस करत वेळ घालवू नका, कारण ते जितकं लवकर तितकं बरं.

सगळ्याच बाळांची धाप याच्यामुळे नसते हेही लक्षात ठेवा. कळा न येता सिझर झालेल्या, जवळजवळ दिवस भरलेल्या बाळाच्या फुफ्फुसात पाणी राहून जातं, ते बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं. इन्फेक्शनमुळेही धाप लागते. कुठलं काय ते एक्स-रे आणि रक्त बघून डॉक्टर सांगतील.

एनआयसीयूत असताना

सीपॅप म्हणजे नाकात दोन मऊ नळ्या आणि त्यातून थोड्या दाबाने सतत जाणारी हवा, म्हणजे ते बारीक फुगे मिटतच नाहीत. बाळ श्वास स्वतःच घेतं, मशीन फक्त दार उघडं धरून ठेवतं. आमच्याकडे बबल सीपॅप होता, त्याची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत ५ सेंटीमीटर बुडवलेली आणि त्यातून सारखं बुडबुड बुडबुड. पाणी जितकं खोल तितका दाब, एवढं साधं. तो आवाज पुढं इतका अंगवळणी पडला की घरी आल्यावर शांततेत झोप येईना. बुडबुडे थांबले तर कुठंतरी हवा गळतेय, नळी निसटलीय किंवा बाळाचं तोंड उघडं पडलंय, तेव्हा सिस्टरना हाक मारायची, आपण हात घालायचा नाही. नाकाच्या मधल्या पडद्याची कातडी लाल दिसली तर तेही लगेच सांगा, तिथं जखम पटकन होते.

ऑक्सिजनबद्दल आमच्या घरात सगळ्यात जास्त गैरसमज होता. आमचे मामा म्हणायचे जास्त लावा की, पैसे देतोय ना. ऑक्सिजन हे औषध आहे, जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि बाळ आंधळं होऊ शकतं. म्हणून ऑक्सिजन चालू असलेल्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवतात, ९९ दिसलं तर खूश व्हायचं नाही. ऑक्सिजन बंद झाल्यावर साध्या हवेत ९९ आलं तर खुशाल खूश व्हा.

आणि डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या स्पेशल डॉक्टरकडून तपासून घ्यायचेच, फारच लहान असेल तर त्याही आधी. बाळ घरी गेलं म्हणून ही तारीख चुकवू नका. हे डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, आरओपी म्हणतात त्याला, वेळेत सापडलं तर लेसर करता येतं, उशीर झाला तर हातात काही राहत नाही.

मधेच श्वास घ्यायचं विसरणं, म्हणजे ॲप्निया. मेंदूतलं श्वासाचं खातंच अजून कच्चं असतं. बाळ २० सेकंद किंवा जास्त थांबलं, किंवा त्याहून कमी थांबलं पण हृदयाचे ठोके कमी झाले, रंग गेला, तर तो ॲप्निया. यावर कॅफीन देतात, हो, कॉफीतलंच. बायकोला सांगितलं तर म्हणाली मग मी कॉफी पिऊन पाजते की. तसं नसतं, वजनावर काटेकोर डोस असतो, साधारण दिवसातून एकदा, आणि ३४ आठवड्यांच्या पुढं हळूहळू बंद करतात. बंद केल्यावर काही दिवस बाळ न थांबता श्वास घेतंय ना हे बघूनच घरी सोडतात, तेव्हा "सगळं चांगलंय तर सोडत का नाही" म्हणून भांडू नका. मी भांडलोय, आता लाज वाटते.

कांगारू, आणि बापानेसुद्धा

बाळ छातीवर उघडं ठेवायचं, कातडीला कातडी. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, डॉ. एडगर रे यांनी, इनक्युबेटर कमी होते म्हणून. म्हणजे गरजेपोटी. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसातून ८ ते २४ तास करा आणि जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर सुरू करा. छातीवर बाळाला ऊब राहते आणि श्वास जास्त एकसारखा चालतो, आणि थंड पडलेलं बाळ तर जास्त ऑक्सिजन खातं, म्हणजे ऊब देणं हे श्वासाचंच काम झालं.

करायचं कसं: बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. तुमची छाती उघडी, धुतलेली, अत्तर पावडर काही नाही. बाळ उभं छातीवर, पाय बेडकासारखे फाकलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर, नाक आणि तोंड सतत दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका मुडपते, एवढं एकच विसरू नका. वरून जुन्या मऊ सुती साडीने बांधायचं, घट्ट पण बाळाच्या पोटावर दाब नको. एका वेळी निदान एक तास, कारण सारखं उचलून ठेवल्यानेच बाळ दमतं. सीपॅप चालू असतानाही सिस्टरच्या मदतीने करता येतं. मी पहिल्यांदा नवव्या दिवशी घेतलं, ४० मिनिटं, हलायची भीती, मानेला गोळा आला. तिचं पोट माझ्या पोटावर उडताना पहिल्यांदा जाणवलं. बिडी सिगरेट ओढणाऱ्या बापांनी आधी ती सोडा, नुसतं बाहेर जाऊन ओढलं तरी धूर कपड्यात आणि अंगात येतोच.

श्वास मोजायला शिका

हे नीट वाचा, बाकी राहिलं तरी चालेल.

बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडताना, आत्ताच पाजल्यावर मोजू नका. झबलं वर करून छाती आणि पोट उघडं करा, उजेड पुरेसा हवा. नजर पोटावर, कारण लहान बाळ पोटानेच श्वास घेतं. पोट वर गेलं आणि खाली आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण ही बाळं एकसारखा श्वास घेतच नाहीत. भराभर पाच-सहा घेतात, मग ५ ते १० सेकंद गप्प, मग परत भराभर. असं आपोआप सुरू होत असेल आणि रंग गुलाबी असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण ३० ते ६० मध्ये असेल तर ठीक. ६० किंवा वर आलं तर पाच मिनिटांनी परत मोजा, परत तेवढंच आलं तर डॉक्टर, आणि उद्या नाही, आत्ता. ही ६० ची रेघ पहिले दोन महिने, पुढं वर्षापर्यंत ५० ची. ज्या बाळाचा ऑक्सिजन बरेच दिवस चाललाय त्याचा नेहमीचाच आकडा जरा वरचा असू शकतो, म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारून ठेवा: माझ्या बाळाचा नेहमीचा किती, आणि किती झाला की यायचं?

आता माझ्या आईची अडचण अशी की तिचं मोजणं तीस-पस्तीसच्या पुढं चुकायचं, मधेच बाळाशी बोलायची. तिनेच युक्ती काढली, चिंचोके. मोबाईलवर मी एक मिनिट लावायचो, ती दहा श्वास झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायची. सहावा चिंचोका सरकला की हाक मारायची. मला वाटलं काय डोकं आहे म्हातारीचं. मग एका डॉक्टरांनी सांगितलं की गडचिरोलीत सर्च या त्यांच्या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच केलेलं, कितीतरी आधी, मोजता न येणाऱ्या दायांसाठी, मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वासांना एक मणी, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, मग त्यांनीही चिंचोकेच घ्यायचे होते, फुकट मिळतात.

आकड्याइतकंच हे चार बघायचं. नाकपुड्या फुलतायत का. बरगड्यांच्या खाली किंवा छातीच्या हाडाखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडतोय का, म्हणजे पोट वर जाताना छाती आत ओढली जातेय का. ओठ, जीभ निळी किंवा राखाडी दिसतेय का, हातापायांची बोटं थंडीनेही निळी होतात म्हणून जीभच बघायची. आणि कण्हणं. श्वास सोडताना "ह्म्म्, ह्म्म्" असा बारीक आवाज. आमच्या शेजारच्या बाळाला बघायला गेलेली एक मावशी म्हणाली किती गोड गुणगुणतंय. ते गुणगुणणं नव्हतं, बाळ गळा अर्धवट बंद करून हवा आतच कोंडून धरत होतं, फुगे मिटू नयेत म्हणून, म्हणजे स्वतःचा सीपॅप स्वतःच करत होतं. कण्हणाऱ्या बाळाला ताबडतोब हलवायचं. "पोट उडतंय" हे आपल्याकडचे जुने लोक बरोबर ओळखतात, फक्त पुढं काय करायचं तिथं गाडी घसरते, कुणी बिब्बा घालतं, मेळघाटात डंबा म्हणून गरम विळ्याचे चटके देतात. बाळाला श्वास कमी पडतोय आणि आपण त्याला भाजतोय.

डिस्चार्जच्या आधी वहीत लिहून घ्या

जन्माचे आठवडे, जन्माचं वजन, किती दिवस ऑक्सिजन, सर्फॅक्टंट दिलं का, ॲप्निया शेवटचा कधी, डोळ्यांची पुढची तारीख, कानांची तपासणी झाली का, डोक्याची सोनोग्राफी झाली का, औषधांचे डोस मिलीत (चमच्यात नाही, सिरिंज मागून घ्या). आणि बाहुलीवर श्वास द्यायला शिकवा म्हणून हट्ट धरा. लाजू नका, आईबाप दोघांनी आणि दिवसभर जे घरी असेल त्यानेही शिकायचं.

घरातला धूर

इथं माझं आणि आईचं खरं भांडण झालं. आमच्यात बाळंतिणीला शेक-शेगडी आणि बाळाला आंघोळीनंतर धुरी, ओवा, वेखंड, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. पण त्या फुफ्फुसाला धूर म्हणजे धूरच, ओव्याचा असो की रबराचा. सरळ बंद. अगरबत्ती, कासवछाप जातीची कुठलीही कॉइल, धूप, बाळाच्या खोलीत नाही, मच्छरदाणी वापरा. चूल असेल तर बाळ चुलीच्या खोलीत नको. कापराची पुडी पाळण्याला बांधू नका, सर्दी झाली म्हणून छातीला वाफेचे बाम चोळू नका. पावडर नको, तिचा बारीक धुरळा श्वासात जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालिशवाल्या बाई नाकात तेल सोडतात, ते तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. आमच्या बाईंना सांगितलं तर रुसल्या, म्हणाल्या तुझ्या पण नाकात मीच घातलं होतं. असेल, मी तीन किलोचा होतो.

आमच्या भागात अजून एक ताप. दिवाळीपासून कारखाने सुरू होतात, रानात पाचट पेटवतात, सकाळी अंगणात काळी काजळी पडलेली असते. त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या बंद आणि फरशी ओल्या फडक्याने, झाडू नाही. मी स्वतः त्या वर्षी पाचट जाळलं नाही, कुट्टी केली. भावकी हसली.

झोप आणि पाजणं

एनआयसीयूत बाळाला पालथं झोपवलेलं बघितलं असेल. तिथं मॉनिटर असतो. घरी नेहमी पाठीवर, सपाट, जरा कडक गादीवर. डोक्याचा आकार गोल व्हावा म्हणून मोहरीची उशी नको, तोंडाजवळ गोधडी, दुपटं, लोकरीची बाहुली काही नको. झोळी मला स्वतःला फार आवडते, पण झोळीत बाळ वाकडं होतं आणि हनुवटी छातीवर येते, लवकर जन्मलेल्या बाळाची मान ती सावरू शकत नाही. पहिले काही महिने झोळी खुंटीलाच राहू द्या.

चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एका तालात यायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधी नळीने, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, मग अंगावर. बोंडल्याने पाजताना दूध ओतायचं नाही, ओठाला टेकवायचं आणि बाळाला स्वतः घेऊ द्यायचं. बाळ जरा उभट धरा. पिताना निळं पडलं, घाम आला, श्वास भराभर झाला तर थांबा, उभं धरा, दम खाऊ द्या. घुटी, मध, साखरपाणी काही नाही. आईचंच दूध, कमी पडलं तर जवळ ह्युमन मिल्क बँक आहे का विचारा, आशियातली पहिली मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. नाक चोंदलं तर बाळाला पिता येत नाही कारण ही बाळं नाकानेच श्वास घेतात, पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत साध्या सलाईनचा एक-एक थेंब पुरतो. खोकल्याचं सिरप देऊ नका, घरातलं उरलेलं तर नाहीच.

काही बाळं ऑक्सिजन लावूनच घरी येतात. आमची आली नाही म्हणून थोडक्यात सांगतो: कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं मशीन) असेल तर लाईट जाणार हे धरून एक भरलेला सिलिंडर घरात हवा, बाळासाठी अगदी थोडा ऑक्सिजन सोडणारा लो-फ्लो मीटर वेगळा लागतो, आणि त्या खोलीत समई, गॅस, काडेपेटी काही नाही. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाला चालत नाही, पायाला गुंडाळायचा प्रोब लागतो, आणि पाय हलला की तो काहीही आकडे दाखवतो. म्हणून परत तेच, आधी पोट आणि जीभ बघा, मग आकडा.

बघायला येणारे, आणि लस

आमचं बारसं चार महिने पुढं ढकललं, अर्धी भावकी नाराज. सर्दी झालेल्या माणसाला दारातूनच नमस्कार. मोठ्या माणसाची दोन दिवसांची सर्दी ही अशा बाळाला ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज होऊन परत ऑक्सिजनवर नेते. हात कोपरापर्यंत साबणाने, अंगठ्या काढून. पापे नाहीत. शाळेत जाणारं मोठं भावंड असेल तर घरी आल्यावर हातपाय धुऊन कपडे बदलूनच जवळ.

लस जन्मतारखेनुसार द्यायची, "बाळ दोन महिने लवकर झालंय म्हणून दोन महिने उशिरा" असं नाही, बाळ ठीक असेल तर सहा आठवड्यांची लस सहा आठवड्यांनाच. वजन फार कमी असेल तर जन्माच्या लसी कधी हे डॉक्टर सांगतील. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस, पहिल्या वर्षी दोन डोस, महिन्याच्या अंतराने, आणि घरातल्या मोठ्यांनीही घ्यावी. मान धरणं, पालथं पडणं हे मात्र सुधारलेल्या वयाने मोजायचं, आमची १० आठवडे लवकर, म्हणून प्रत्येक वेळी १० आठवडे वजा. आशाताई घरी येतात त्यांना टाळू नका, ही घरी येऊन नवजात बाळ बघायची पद्धतही गडचिरोलीतूनच देशभर गेलेली आहे.

कधी पळायचं

श्वास २० सेकंद थांबला, रंग गेला, बाळ ढिलं पडलं: तळपायावर टिचकी मारा, पाठ चोळा. नाही सुरू झाला तर बाळ सपाट ठेवा, मान सरळ, तुमचं तोंड बाळाच्या नाक-तोंड दोन्हीवर आणि फक्त गालातली हवा हळूच, छाती वर येताना दिसली पाहिजे. दुसऱ्याने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर. बाळ तरीही निपचित असेल तर छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाब, ३० दाब आणि २ श्वास, जसं बाहुलीवर शिकवलंय तसं, मदत येईपर्यंत.

कण्हणं, छाती आत ओढणं, जीभ निळी, श्वास मोजून दोनदा वर, निम्म्याहून कमी पिणं, अंग थंड किंवा ताप, यातलं एकही असेल तर वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, खाजगीत असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचा मदतनीस) महात्मा फुले योजनेचं विचारा. दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा: फाईल, वही, टोपी, दोन दुपटी, चार्जर. न्यायचं ते छातीवर, कांगारूसारखं, नाक उघडं ठेवून.

आमच्यावर चौथ्या महिन्यात ती वेळ आली, घरातच कुणाची तरी सर्दी तिला लागली. रात्री साडेतीनला आईने उठवलं, चिंचोके सहाच्या पुढं गेलेले. मोजलं, ६४. दहा मिनिटांनी ७०, बरगडीखाली खड्डा. साडेचारला पोचलो. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, मी म्हटलं साडेतीनला ६४, तीन चाळीसला ७०, छाती ओढतीये, शेवटचं दूध एकला, निम्मंच. त्यांनी तेच आकडे तसेच्या तसे केसपेपरवर लिहिले आणि सिस्टरना ऑक्सिजन लावायला सांगितला.